मागच्या सीटवरून

आत्मारामजींची डावी भुवई उजवीच्या निम्मी होती. नवखा माणूस त्यांच्याशी बोलता बोलता नकळत स्वतःच्या भुवईवरून हात फिरवायचा, आपली जागेवर आहे ना म्हणून. कोणी म्हणे स्टोव्ह भडकला होता, कोणी म्हणे नवस आहे. खरं कारण सांगितलं तर विश्वास बसत नसे. भुवईचे केस ते स्वतः उपटत. कुंचले करायला.

"डोक्शाचा केस न्हाव्यानं कापलेला राह्यते, त्याले टोक नसते," ते मला समजावत. "भुवईचा केस पाह्य. देवानं देल्ला तसाच. बुडाशी जाड, शेंड्याले बारीक. असा माल बाजारात भेटत नाही, बे."

"पण डावीच का?"

"उजव्या हातानं डावी सोपी पडते."

दोन केस कावळ्याच्या पिसाच्या नळीत बसवायचे, रेशमाच्या धाग्यानं आवळायचे, की झाला कुंचला. त्या कुंचल्यानं ते वीतभर लाकडी मोटारीच्या आतला वेगाचा काटा रंगवत. मोटार सावरीच्या लाकडाची, स्वतः कोरलेली. चाकं कोटाच्या बटणांची. काचा म्हणजे दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मा, सोड्यानं धुऊन पारदर्शक केलेल्या. टप उचलता यायचा, आणि उचलला की आत अख्खी गाडी: सीटची शिवण, आरशाला लोंबणारी माळ, ड्रायव्हरच्या पायाखालचं झिजलेलं गोणपाट. गाडी बाहेरून साधारण जमली तरी त्यांना चालायचं. "बाहेरून तं सारं गाव पाह्यते," ते म्हणत. "अंदर कोन पाह्यते?"

मलकापूरच्या हमरस्त्यावरच्या जकात नाक्यावर आम्ही दोघं मोहरीर, म्हणजे कारकून, होतो. गावात येणारी गाडी आडव्या बांबूपाशी थांबवायची, आत माल काय आहे ते पाहायचं आणि पावती फाडायची, एवढंच काम. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नाक्याच्या पाटीवर आधीच्या दोन राज्यांची नावं खरवडल्याचे ओरखडे होते. तिसरं नाव रंगवायचं काम नगरपालिकेच्या अध्यक्षसाहेबांनी, "तुमच्याकडे ब्रश आहेतच," म्हणून आत्मारामजींना दिलं. त्यांनी भुवईच्या कुंचल्यानं सुरुवात केली. पहिल्या अक्षराची गाठ वळेपर्यंत अध्यक्षसाहेबांचा धीर सुटला आणि सायकलच्या दुकानातला पेंटर बोलावला गेला.

आत्मारामजी या नाक्यावर का चिकटून होते ते उघड होतं. मुंबईकडून नागपूरकडं जाणारी प्रत्येक मोटार त्यांच्यापुढं थांबायची आणि आत डोकं घालायचा त्यांना सरकारी अधिकार होता. मालाकडं त्यांचं लक्षच नसे. सरकीचा एखादा व्यापारी काच खाली करी, आत्मारामजी खांद्यापर्यंत आत शिरत आणि बोलत काही नसत. नुसते पाहत. व्यापाऱ्याला घाम फुटे.

"साहेब, डिक्कीत तुपाचे डबे हायेत," तो आपणहून सांगे. "राहूनच गेलं सांगाचं."

"तूप राहू द्या हो! ही शिवन येकेरी हाये का दुहेरी?"

असे कितीजण घाबरून कबूल झाले असतील कोण जाणे. आमच्या नाक्याची वसुली वाढली आणि अध्यक्षसाहेबांनी आत्मारामजींच्या कडक तपासणीचं कौतुकही केलं. कौतुक ऐकताना ते साहेबांच्या टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडं पाहत होते. आतला बुडबुडा हिरवा होता की निळा, हे त्यांनी मला बाहेर आल्यावर विचारलं.

त्यांचा एक नियम होता. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते रंगवायचं नाही. अंदाज हा शब्द ते शिवीसारखा वापरत. आमच्या गल्लीच्या गणपतीच्या आराशीत त्यांनी डॉक्टरांची फियाट ठेवली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं टप उचलला आणि पुढच्या खणात ज्वारीच्या कणाएवढं सिगारेटचं पाकीट पाहिलं. डॉक्टरांनी सिगारेट सोडली होती, म्हणजे घरात तसं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते नाक्यावर आले.

"आत्मारामजी, तेवढा एक ठिपका काळा करा. दुसरं काही मागत नाही."

"तुमी गाडीतून काढा, मी गाडीतून काढतो. जे हाये ते हाये."

डॉक्टर तेव्हापासून पाकीट खिशात ठेवू लागले, आणि आत्मारामजींनी ठिपका पुसला.

रंगवायचे ते घरी, दुपारच्या उजेडात, खिडकीखाली पाट घेऊन. बारीक काम आलं की श्वास रोखत, कारण श्वासानंही केस हलतो. चेहरा आधी लाल व्हायचा, मग जांभळा. मी समोर बसलेलो असलो तर माझाच जीव घुसमटे. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, सैपाकघरातून न पाहताच ओरडत, "अवो, श्वास घ्या!" इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना तो न घेतलेला श्वास भिंतीपलीकडून ऐकू यायला लागला होता.

मी स्वभावानं भित्रा. घराला कुलूप लावून निघालो की कोपऱ्यावरून परत येतो आणि ओढून पाहतो. आत्मारामजींचं डोकं कोणाच्याही गाडीत शिरलं की मी आजूबाजूला पाहून घेई. कोणी तक्रार केली तर? आमच्या खात्यात शिक्षेची जागा एकच होती, बैलबाजाराचा नाका. तिथं बैलांचं खाचर यायचं, रेंगी यायची, म्हशी यायच्या. मोटार येत नसे. आत्मारामजींना तिथं पाठवणं म्हणजे त्यांचे डोळे बांधून ठेवणं.

आणि एका दुपारी ते झालंच. रोहिणखेडच्या बाजूच्या एका गावचे देशमुख आपल्या काळ्या लँडमास्टर गाडीतून आले. गाडी नवी नव्हती, पण त्यांच्याकडं नव्यानंच आली होती. पुढं ड्रायव्हर आणि देशमुख, मागच्या काचांना पडदे. पडद्याच्या गाडीत आम्ही डोकावत नसू, ही नाक्याची रीतच होती. आत बाया असतात. मी पावती-पुस्तक घेऊन पुढं झालो.

आत्मारामजी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी थांबले. खाली वाकले. चाकाच्या चकचकीत झाकणावर त्यांनी बोट फिरवलं. मग सरळ मागच्या दारापाशी गेले आणि पडदा बाजूला केला.

आतून बायांचा आवाज झाला. देशमुख दार उघडून खाली उतरले.

"काऊन बे? बाया बसल्या दिसत नाही का तुले?"

"माफ करा मालक," आत्मारामजी म्हणाले. "मी सीट पाहून राह्यलो होतो."

यापेक्षा ते गप्प राहिले असते तर बरं झालं असतं. देशमुखांनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि गाडी थेट कचेरीकडं न्यायला सांगितली. संध्याकाळपर्यंत निरोप आला. सोमवारी अध्यक्षांपुढं हजर व्हा. आत्मारामजी आरोपी, मी साक्षीदार.

ते दोन-चार दिवस मी घराचं कुलूप चारचारदा ओढून पाहिलं. साक्ष काय द्यायची? पडदा उचलला का, म्हणून विचारलं तर हो म्हणावं लागणार. का उचलला, ते मलाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी पडद्याला हात लावला नव्हता. रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो.

काकू दारातच भेटल्या. डोळे सुजलेले. "मनोहर, तू तरी सांग त्यायले. लोकायच्या बाया पाह्यतेत असा बोभाटा झाला तं सुमीच्या सासरी काय तोंड दाखवाचं आपुन?"

"मी बाया कुठं पाह्यल्या?" आत्मारामजी खिडकीखालून म्हणाले. "दोघी होत्या का तिघी तेबी सांगता येत नाही. सीटले नवी खोळ घातली हाये, मनोहर. खालची काई दिसली नाही."

"खालची कशाला पाह्यजे होती?"

ते उठले. कोनाड्यात उपड्या घातलेल्या टोपल्याखालून त्यांनी एक गाडी काढली आणि माझ्यापुढं पाटावर ठेवली. ही मी कधी पाहिली नव्हती. काळी लँडमास्टर. बाहेरून त्यांनी इतकं काम कुठल्याच गाडीवर केलं नव्हतं. पुढच्या डाव्या चाकाच्या झाकणावर चंद्रकोरीसारखा पोचा होता आणि टायरवर ओल्याचा डाग. टप उचलला. आत नुसतं कोरं लाकूड. ना सीट, ना शिवण, ना काही.

गाडी मी ओळखली. 

सुमीच्या पाठवणीची गाडी ती. त्यांची एकुलती एक मुलगी, अमरावतीला दिली. व्याह्यांनी खामगावहून भाड्याची मोटार आणली होती, खोळंबा झालेला, वाटेत रेल्वेचं फाटक. निघताना गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवायचा, चाकानं तो फुटला की वाट मोकळी झाली, अशी आपल्याकडं रीत. ते काम वधूपित्यानं मागून घेतलं. पण अंगणाला उतार होता. नारळ ठेवला की घरंगळायचा. आत्मारामजी दगडाचा चपटा तुकडा शोधून त्याला टेकू देत होते, टेकू निसटत होता, ते पुन्हा लावत होते. गाडीत सुमी बसलेली. पडदे असल्यामुळं कुठल्या बाजूला ते बाहेरून कळत नव्हतं. आणि कोणीतरी बॉनेटवर थाप मारून ड्रायव्हरला ओरडलं, "चला, चला! मालगाडी येऊन राह्यली, फाटक लागते!"

नारळ फुटला. पाणी आत्मारामजींच्या डोळ्यांत उडालं. डोळे पुसून उठेपर्यंत गाडी वळणाआड गेली होती.

"सुमी कोन्या बाजूले बसली होती, मले माहीत नाही," आत्मारामजी म्हणाले. "तिनं मागं पाह्यलं का, तेबी नाही. दिवाळीले आली तवा इचारलं. तं म्हने, बाबा, मी रडून राह्यली होती, मले काय दिसनार. गाडी त्या मालकानं इकून टाकली. नंबर कोनाच्या ध्यानात नाही. माह्या ध्यानात एक चाक हाये."

म्हणून ते प्रत्येक गाडीच्या आत पाहत होते.

मी मान खाली घातली, आणि तेव्हा मला बॉनेट दिसलं. काळ्या रंगावर धुळीचा पातळ थर रंगवला होता आणि त्या धुळीत एक पंजा उमटलेला होता. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. चार बोटं सरळ आणि करंगळी बाहेर वळलेली.

माझी करंगळी लहानपणी झाडावरून पडलो तेव्हापासून वाकडी आहे.

थाप मारणारा मी होतो. मांडवात सगळ्यांत जास्त घाबरलेला मीच होतो, फाटक लागेल म्हणून. नाक्यावर रोज त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या डब्यातली चटणी खाऊन मी ते कधी बोललो नव्हतो. वाटलं होतं, वाकलेल्या माणसाला कोणाचा हात ते काय दिसणार. पण आत्मारामजींना वाकूनच तर दिसायचं. त्यांनी टप परत बसवला, गाडी टोपल्याखाली ठेवली आणि काकूंना म्हणाले, "मनोहरले चहा दे. पांढरा पडला पोट्टा."

सोमवारी कचेरीत देशमुख खुर्चीवर, आत्मारामजी उभे, अध्यक्षसाहेबांपुढं कागद. "तुम्ही तिथं होता?" त्यांनी मला विचारलं.

"होतो."

"यांनी पडदा उचलला?"

"उचलला," मी म्हणालो. मग पुढचं सगळं बाहेर पडलं. नारळ, उतार, फाटक, थाप. "साहेब, ती गाडी मी हाकलली होती. यांनी पोरीला पाहिलं नाही ते माझ्यामुळं. बैलबाजारात पाठवायचं तर मला पाठवा."

आत्मारामजींनी माझा सदरा मागून ओढला. "गप राह्य, बे. तुहा काय समंध?"

देशमुखांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आमची माई घरी गेल्यावर येकच गोष्ट सांगून राह्यली होती. म्हने, तो मानूस बाया पाहाले नाही आला. आमच्याकडं पाह्यलंच नाही त्यानं, गादीकडं पाहून राह्यला होता आन् डोये भरले होते. मले वाटलं, म्हातारीले काय समजते." त्यांनी अध्यक्षांपुढचा कागद स्वतःकडं ओढला आणि घडी करून खिशात टाकला. "गाडी पाहाची होती तं मले सांगाचं ना, राजेहो! गुरुवारी रिकामी पाठवतो. काय पाहाचं ते पाहून घ्या."

गुरुवारी गाडी खरंच आली, नाक्यामागच्या कडुनिंबाखाली उभी राहिली. ड्रायव्हरनं खोळ काढून दिली. खाली हिरवं रेक्झिन, कडेला पांढरी गोट, मधोमध उसवलेलं. आत्मारामजींनी हात धुतले, पुसले, मग त्यावरून फिरवले. वाटलं, आता टिपून घेतील आणि झालं. पण ते बूट काढून आत चढले आणि मागच्या सीटवर बसले. आधी उजवीकडं. मग डावीकडं.

"मनोहर," ते आतून म्हणाले. "माही टोपी घाल. आन् चाकापाशी जाय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आत काय होतं हे त्यांना पाहायचंच नव्हतं. आतून काय दिसत होतं ते पाहायचं होतं.

मी टोपी घातली. पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसलो, नारळाला टेकू देतो तसा हात केला.

"नाही दिसत," आतून आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा, अगदी हळू, "काईच दिसत नाही, बे. नुसतं झाड दिसते."

मडगार्डच्या लोखंडावर माझं कपाळ टेकलं होतं. आतून हालचाल ऐकू येईना. श्वासही नाही.

"आत्मारामजी," मी म्हणालो, "तुम्ही असे बसले नव्हते. तुम्ही कमरेत वाकलेले होते. मी तुमच्या डोक्यावरच उभा होतो, मला माहीत आहे."

आणि मी उठून वाकलो. टोपी बॉनेटच्या कडेच्या वर आली.

"दिसते!" ते ओरडले. ड्रायव्हर दचकला. "दिसते, मनोहर! टोपी दिसते. अशीच राहू दे. हालू नको."

कंबर धरली तरी मी हललो नाही.

आजवर कोणाला सांगितलं नाही, ते इथं लिहून टाकतो. आत्मारामजी त्या दिवशी उकिडवेच बसले होते. धोतराचा सोगा मातीत लोळत होता, तो मी उचलून त्यांच्या मांडीवर टाकला होता, इतकं मला स्पष्ट आठवतं.

काळी गाडी आठ-पंधरा दिवसांत पुरी झाली. हिरवी सीट, पांढरी गोट, उसवलेला टाका. आणि पुढच्या डाव्या चाकावर, बॉनेटच्या कडेला चिकटलेली, तांदळाच्या कणीची पांढरी टोपी. त्यांच्या सगळ्या गाड्यांत न पाहिलेली वस्तू एवढी एकच आहे आणि ती माझ्या शब्दावर ठेवलेली आहे. पंजा पुसा म्हणून मी एकदा विनवलं. "होता ना तवा?" ते म्हणाले. "मंग राहू दे."

दिवाळीला सुमी आली. आत्मारामजींनी गाडी तिच्या हातात दिली, मागच्या काचेला डोळा लावायला सांगितलं आणि समोर उभे राहिले. सुमीनं एक डोळा मिटला. मी दारापाशी होतो. तिनं बराच वेळ पाहिलं, इतका की मला पळून जावंसं वाटलं. मग डोळा न काढता तिनं विचारलं, "बाबा, ही तुमची टोपी?"

आत्मारामजी तिच्याकडं पाहत राहिले. चेहरा लाल झाला, मग जांभळा व्हायला लागला.

सुमीनं गाडी खाली घेतली. वडिलांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, आणि तिला काय कळलं ते मला अजून सांगता येणार नाही.

"दिसत होती, बाबा," ती म्हणाली. "वळनापर्यंत दिसत होती."

सैपाकघरातून काकू ओरडल्या, "अवो, श्वास घ्या!"

आणि आत्मारामजींनी तो घेतला.